कान दाखव

माझ्या हौसा आत्याला मी चारचौघांत मेंढीचोर म्हटलं. नुसतं म्हटलं असतं, तर बोलण्याच्या भरात गेलं म्हणून सोडून देता आलं असतं. मी ते वहीत लिहिलं, खाली तारीख घातली आणि तिचा अंगठा मागितला. तेव्हा मी अठरा वर्षांची होते, दहावी दुसऱ्या खेपेला पास झाले होते, आणि जगात मला न समजलेलं असं फक्त बीजगणित उरलं होतं. आज नातवंडं ‘आजी, तू किती शहाणी’ म्हणतात तेव्हा मी गप्प बसते. शहाणपण एकदा अंगात घालून बघितलं आहे मी. ते मला फार सैल झालं होतं, आणि त्याची किंमत माझ्या बापानं मोजली.

आम्ही मेंढकं धनगर. गाव माणदेशातलं, जिथं दगड पेरावेत आणि दगडच काढावेत. दिवाळीची पणती विझायच्या आत आबा घोड्यांवर बिऱ्हाड लादायचे आणि आमचा वाडा कृष्णाकाठाला उतरायचा. वाडा म्हटलं की माझ्या सुनेला चौकट, तुळशीवृंदावन आणि पितळी कड्यांचा झोपाळा दिसतो. आमचा वाडा म्हणजे दोन घोडी, तीन कुत्री, ऐंशीएक मेंढरं, वाघरीचं भेंडोळं आणि आई. वाघर म्हणजे दोरीची जाळी. खुंट्यांना ताणून लावली की मेंढरांभोवती भिंत झाली, गुंडाळून घोडीवर टाकली की घर निघालं. एका घोडीच्या पाठीवर जातं, त्यावर गोधड्या, गोधड्यांवर डालग्यात कोंबड्या, आणि सगळ्यांच्या वर त्या दिवशी जन्मलेली कोकरं माना बाहेर काढून बसलेली. लहानपणी मीही त्याच ढिगावर बसून रहिमतपूर बघितलं, आष्टा बघितलं. पुढं एस.टी.च्या खिडकीतनं तीच गावं शंभरदा बघितली, पण तेवढ्या उंचीवरनं पुन्हा दिसली नाहीत.

ऊस तुटलेल्या रानात आम्ही मेंढरं बसवायचो. म्हणजे मेंढरांनी रात्रभर रानात बसायचं, लेंड्या टाकायच्या, आणि रानमालकानं त्या खताबद्दल सकाळी जोंधळा मापून द्यायचा. अशा जोंधळ्यावर मी वाढले. माझ्या सुनेला हे सांगितलं तर ती विषय बदलते. सकाळी जाग यायची ती आईच्या बांगड्यांनी आणि जात्याच्या घरघरीनं. मग कोकरं सोडली की जो कालवा व्हायचा तो ऐकण्यासारखा. ऐंशी आया आणि त्यांची पोरं एकाच सुरात ओरडतायत, तरी अर्ध्या मिनिटात ज्याचं त्याला सापडायचं आणि एकदम शांतता, फक्त चुटूचुटू पिण्याचा आवाज. तीन दगडांवर हुलग्याचं माडगं रटरटायचं. त्यात आई गूळ टाकायची, कधी मेंढीचं दूध. ते दूध इतकं दाट की बोट बुडवून काढलं तर बोटाला अंगरखा चढायचा. मेंढी नुकती व्यालेली असली तर खरवस. सांगलीत, विश्रामबागेत, हल्ली डब्यात खरवस मिळतो. तो खाल्ला की मला दुकानदाराची दया येते.

आता आमच्या ऐंशी मेंढरांविषयी. ती सगळी आमची नव्हती, आणि आमची होती ती सगळी आमच्यात नव्हती. आमची चार हौसा आत्याच्या वाड्यात, सहा मामाच्या, काही आबांच्या चुलतभावाकडं कराडच्या बाजूला, आणखी दोन घरी अशीच. त्यांची तितकीच आमच्यात. ज्याच्या वाड्यात मेंढी त्याचं दूध आणि लोकर. कोकरं मूळ मालकाची. ज्याच्या त्याच्या घराची खूण मेंढीच्या कानाला कापलेली असायची, तेवढाच कागद. कुणी लिहीत नव्हतं, कुणी विसरत नव्हतं. मी पाच-सहा वर्षांची असताना आबांना विचारलं होतं, आपली मेंढरं दुसऱ्याच्यात कशाला? आबा उंच, कमी बोलणारे. ते म्हणाले, “समदी येका वाघरीत म्हंजी लांडग्याला पंगत.” तेव्हा मला ते कळलं. शिकल्यावर कळेनासं झालं.

त्यातली एक मेंढी माझी होती. माझ्या बारशाला हौसा आत्यानं तिच्या खांडातली, म्हणजे कळपातली, एक कोकरी माझ्या नावानं सोडली. काळी, पोटाला पांढरा पट्टा, म्हणून तिचं नाव बांडी. पुढं त्या बांडीची लेक बांडी, आणि नातही बांडीच. आमच्या घरात नावांची उधळपट्टी नव्हती. ही नात आत्याच्याच वाड्यात होती. आत्या आबांची थोरली बहीण. नवरा तरणाताठा गेलेला, तरी तिनं वाडा मोडला नाही. दोन लेक घेऊन ती स्वतः मेंढरांमागं हिंडायची. मिसरीनं काळे दात, कमरेला कोयता, आणि बोलणं कोयत्याहून धारेचं. मला ती फार आवडायची. म्हणजे मी शिकेपर्यंत.

सहावीनंतर आबांनी मला सांगलीला, विश्रामबागेतल्या मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. दहावी झाले आणि तिथल्याच एका संस्थेत मला काम लागलं. दारावर पाटी होती, ‘भटक्या व आदिवासी समाजाच्या आर्थिक उन्नतीसाठी’. आत तीन टेबलं, एक पंखा आणि एक ताई. त्यांचं नाव मला आजही नीट माहीत नाही, कारण त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “मला ताईच म्हण, आपण सगळे समान आहोत.” मग त्यांनी समान माणसाला चहा करायला सांगितला. तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. भिंतीवर चित्र होतं. त्यात घर, विहीर, पासबुक आणि मंगळसूत्र, आणि वर लिहिलेलं ‘माझी मालमत्ता’. मेंढी त्यात नव्हती. ताई म्हणाल्या, “तुमच्या लोकांना बचतीची सवयच नाही. आज मिळालं, आज खाल्लं. उद्याचा विचार नाही.” मी मान डोलावली. त्या ‘तुमच्या लोकांना नाकच नाही’ म्हणाल्या असत्या तरी मी डोलावली असती, कारण समोर क्रीमची बिस्किटं होती. ती मी त्याआधी फक्त जाहिरातीत बघितली होती.

हे आज कागदावर काढण्याचं कारण माझी नात तनुजा. तिला विश्रामबागेतच अशाच एका नव्या संस्थेत नोकरी लागली आहे. साताऱ्याच्या डोंगरातल्या कातकऱ्यांच्या वस्त्यांवर आणि आमच्यासारख्यांच्या वाड्यांवर जाऊन ती लोकांचं ‘आर्थिक स्वास्थ्य’ तपासते. परवा तिनं सरावासाठी तिची ती टॅब नावाची काचेची पाटी माझ्यासमोर धरली आणि विचारलं, “आजी, अचानक संकट आलं तर किती महिने पुरेल एवढी तुझी तरतूद आहे?” मी म्हटलं, “लिही, एक आत्या.” ती म्हणाली, “आजी, नीट सांग ना, इथं फक्त आकडा टाकता येतो.” बघा. एवढी वर्षं गेली, पंख्याच्या जागी वातानुकूलन आलं, वहीच्या जागी काच आली, पण आत्याला जागा अजून कुणी ठेवली नाही.

तर योजना अशी होती. ज्याच्याकडं स्वतःची शंभर मेंढरं असतील त्याच्या मेंढरांचा विमा उतरवायचा, आणि पुढं पक्क्या गोठ्याला मदत. अट एकच. सगळी मेंढरं मालकाच्या ताब्यात, एका जागी हवीत. जनावरांचा डॉक्टर येऊन प्रत्येकीच्या कानात पितळी बिल्ला ठोकणार. मेंढी मेली तर बिल्ल्यासकट कान कापून आणायचा, की भरपाई. दुसऱ्याच्या कळपात ठेवलेली मेंढरं चालणार नाहीत, आणि आपल्या कळपात दुसऱ्याची असलेलीही नकोत. “ही तर उघड फसवणुकीला जागा आहे,” ताई म्हणाल्या. मीही वहीत लिहिलं, ‘फसवणुकीस जागा’, आणि खाली दोन रेघा मारल्या.

शिमग्याच्या सुमाराला मी टेरिकॉटची साडी नेसून, काखेत वही मारून आष्ट्याच्या रानात आमच्या वाड्यावर उतरले. चपला लेंड्यांत भरू नयेत म्हणून पावलं अशी टाकत होते की कुत्र्यांनी मला ओळखलं नाही. कुत्री भुंकली याचा मला राग आला. आता वाटतं, त्या तिघांनाच काय ते कळलं होतं.

“आबा, आपली मेंढरं लोकांच्यात कशाला ठेवायची?” मी विषय काढला.

“लोकांच्यात कुठं? भनीच्यात हायत, मेव्हण्याच्यात हायत.”

“उद्या आत्या म्हणाली, ही माझीच हायत, तर?”

आबा म्हणाले, “तर तिची. भन हाय ती माझी.”

या उत्तराला काय म्हणावं ते प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. म्हणून मी चित्रातलं सगळं सांगितलं. मालमत्ता, ताबा, विमा, भरपाई, गोठा. आई भाकरी थापत ऐकत होती. ती म्हणाली, “आवं, मान्सांची मेंढरं माघारी धाडायची म्हंजी सोयरीक मोडल्यागत हुईल.” दुसऱ्या दिवशी आबा आईला हळू आवाजात म्हणाले ते मी ऐकलं, “पोरगी शिकून आलीया. तिनं सांगायचं न आपुन ऐकायचं न्हाई, तर शिकीवली कशाला?” ते वाक्य ऐकून माझी छाती फुगली होती. आज तेच वाक्य सगळ्यांत जास्त सलतं. मेंढरांसाठी नव्हे, त्या विश्वासासाठी.

निरोप घेऊन जायला आष्ट्याचे इब्राहिमभाई होते. मेंढरांचे व्यापारी, बाजारोबाजार फिरणारे, कुठला वाडा कुठं उतरला आहे हे पोस्टापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. निरोप ऐकून ते माझ्याकडं वळले आणि दाढी खाजवत म्हणाले, “फुलाक्का, भरली कणगी उपसून कुलूप इकत घ्याय निगालीस व्हय?” मी त्यांना सांगितलं, की तुम्हा व्यापाऱ्यांना आमची प्रगती बघवत नाही. ते हसले. “बघवंल की. दावा तर आदी,” असं म्हणून सायकलवर टांग टाकून गेले, आणि निरोप मात्र चोख पोचवला.

एकेक जण येऊ लागला. मामा सहा मेंढ्या घेऊन आला, वाघरीच्या बाहेरच उभा राहिला, त्याच्या सहा घेतल्या आणि चहा न घेता गेला. माझा मामा, जो चहासाठी कोसभर वाकडी वाट करायचा. आईनं पाठवायच्या प्रत्येक मेंढीच्या कपाळाला भंडारा लावला, जसा सासरी निघालेल्या पोरीला लावावा. मी बाजूला खुणा मोजत उभी. कराडकडच्या चुलत्याकडची आमची मेंढरं आली तेव्हा आबा म्हणाले, “ही पंध्रा दिस येगळ्या वाघरीत घालू. दुसऱ्या रानातनं आलेलं जितराब लगीच मिसळायचं न्हाई.” ही आमची फार जुनी रीत. मी म्हटलं, “आबा, डॉक्टर गुरुवारी येणार. त्यांना सगळी एका जागी पायजेत. वेगळी दिसली तर म्हणतील, उसनी आणलीत.” आबांनी दुसरी वाघर उचलली होती ती खाली ठेवली.

सगळ्यांत शेवटी हौसा आत्या आली, बुधवारी, दुपार कलताना. दोन लेक बरोबर होते, आणि मेंढ्या तीन. चार हव्या होत्या. बांडी नव्हती. त्या वेळी वाड्यावर रानमालक आला होता, शेजारच्या वाड्यावरचे दोघे-तिघे होते, म्हणजे मला हवा होता तेवढा समाज जमला होता.

“आत्या, बांडी कुठाय?”

“लांडग्यानं न्हेली.”

“कवा?”

“लांडगा काय तारीख सांगून येतुया व्हय?”

रानमालक हसला. मी वही उघडली. “मग कान दाखव.”

“कसला कान?”

“मेंढी मेली तर पुरावा म्हणून कान आणायचा असतो. कान नाही तर मेंढी मेली असं धरत नाहीत.”

आत्यानं मिसरीची पिंक टाकली आणि हात जोडून रानाच्या दिशेनं म्हणाली, “चुकलं गं बया. लांडग्याला सांगाय पायजे व्हतं, बाबा, मेंढी खा, पर कान तेवढा ठिव, आमच्या फुलीला वहीत डकवायचा हाय.”

आता सगळेच हसले. आईसुद्धा. तिनं पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. मी त्या वेळी हसले असते तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. पण टेरिकॉटच्या साडीत माणसाला हसता येत नाही. मी म्हणाले, “हसू नका. बांडी मेली नाही. हिनं चोरलीय.”

हसणं थांबलं. आबा एक पाऊल पुढं आले, मग थांबले. मी मान खाली घालून लिहिलं, ‘बांडी नावाची मेंढी नग एक, हौसाबाईंनी परत केली नाही, चोरीस गेली असे समजावे.’ शाईची डबी उघडली, वही आत्यापुढं धरली. मला वाटलं ती वही भिरकावेल. तिच्या थोरल्या लेकानं तर हात उचललाच होता. आत्यानं त्याला मागं सारलं, आबांकडं बघितलं. आबा जमिनीकडं बघत होते. मग तिनं अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर असा दाबला, की पुढच्या चार पानांवर त्याचा वळ उठला. पदराला बोट पुसलं, आपली चार मेंढरं घेतली आणि कृष्णेच्या अंगानं चालायला लागली. मागं वळून बघितलं नाही.

गुरुवारी जीप आली. डॉक्टर आले, ताई आल्या, कॅमेरावाला आला. बिल्ले ठोकताना मेंढरांच्या कानांतनं रक्त येत होतं. आपल्या घराची खूण कापलेली जागा चुकवून बिल्ला कुठं ठोकावा, हे डॉक्टर आबांना विचारत होते, आणि आबा मेंढीचं तोंड छातीशी धरून दुसरीकडं बघत होते. कोकरं धरून शंभराला दोन वर भरली. फोटो काढला. आबा, मेंढरं आणि मी, वहीसकट. ताई म्हणाल्या, “फुला, तू तुझ्या समाजाचा चेहरा बदलशील.” चेहरा बदलला खरा.

अकराव्या दिवशी आईला एका कोकराच्या मांडीच्या आत पुरळ दिसलं. कराडकडच्या चुलत्याच्या वाड्यावरनं आलेल्या मेंढीचं ते कोकरू. तिनं बोट लावून बघितलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “देवी.” मेंढरांना येणारी देवी. नाकातोंडातनं पाणी, ताप, मग अंगभर फोड. पंधरा दिवस वेगळी ठेवली असती तर तेवढ्याच मेंढरांवर निभावलं असतं. एका वाघरीत होती म्हणून सगळ्यांना झाली. आधी कोकरं गेली, मग त्यांच्या आया. आईनं चुलीवर फोडणी द्यायची बंद केली, देवीच्या दिवसांत घरात तेल तडतडू द्यायचं नसतं. अळणी माडगं आम्ही खाली मान घालून पीत होतो. आबा रोज खड्डे खणत होते. रानमालक चांगला माणूस, त्यानं दोन गडी दिले, पण त्याचंही तोंड बघण्यासारखं नव्हतं. सकाळचा तो कालवा दिवसागणिक कमी होत गेला. आधी ऐंशी आवाज, मग चाळीस, मग इतके थोडे, की कुणाचा कुठला ते ओळखता यायला लागलं.

मी काय करत होते? मी कान कापत होते. प्रशिक्षणात शिकवलं होतं तसे, बिल्ल्यासकट. आबा खड्ड्यात मेंढी उतरवायच्या आधी मला हाक मारायचे, “फुले, तुजं काम कर,” आणि पाठ करून उभे राहायचे. सतराव्या दिवशी कापडी पिशवी भरली तेव्हा ती घेऊन मी सांगलीच्या एस.टी.त बसले. कंडक्टरनं नाकाला रुमाल लावून विचारलं, “बाई, पिशवीत काय हाय?” मी म्हटलं, “कान.” त्यानं तिकीट दिलं आणि पुन्हा माझ्या बाजूला फिरकला नाही. ताईंनी पिशवी टेबलावर ठेवू दिली नाही. त्यांनी कागद काढून वाचला. बिल्ला ठोकल्यापासून एकवीस दिवस झाल्याशिवाय विमा लागू होत नाही. तो कागद माझ्याजवळही होता. मी त्यातला ‘मालमत्ता’ हा शब्द तेवढा वाचला होता. ताई म्हणाल्या, “फार वाईट झालं गं. पण शिकायला मिळालं ना?” मी ‘हो’ म्हणाले. त्याही वेळी मी मान डोलावली, हे मला माझं मलाच सांगताना लाज वाटते. पिशवी मी आयर्विनच्या पुलावरनं कृष्णेत सोडली.

आम्ही माणदेशात माघारी आलो तेव्हा अकरा मेंढरं उरली होती. पाच म्हाताऱ्या, ज्यांची वेतं संपली होती, आणि सहा नर. म्हणजे मेंढरं होती, पण मेंढपाळ होता येत नव्हतं. वंश धरायला एक तरणी मेंढी नव्हती. एक घोडी विकली. आबा वाघर गुंडाळून आढ्याला टांगून बसले. साखर कारखान्यावर राखणदाराची जागा आहे असं कुणीतरी सांगितलं. आबा म्हणाले, बघू. सगळा जन्म उघड्यावर काढलेला माणूस दुसऱ्याच्या फाटकाशी काठी घेऊन उभा राहणार होता, आणि तो मला एका शब्दानं बोलत नव्हता. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. आमच्याकडं कुणी आलं नाही. कसं येणार? मेंढरं आमच्यात राहिली असती तर सोयऱ्यांचीही चार-चार मेली असती, आणि निदान आपल्या मेंढीसाठी तरी ते रडायला आले असते. मी त्यांचं नुकसान वाचवलं होतं, आणि आमचं म्हणणारं कुणी ठेवलं नव्हतं. त्याच दिवसांत पोस्टानं एक पुस्तिका आली. गुळगुळीत कागद, वर आमचा फोटो, आबा, शंभर मेंढरं आणि वहीवाली मी. खाली छापलं होतं ‘यशोगाथा’. आईनं ती बघितली, उलटी केली आणि तिच्यावर पापड वाळत घातले.

बेंदराचा दिवस होता. गावात बैलांच्या शिंगांना रंग चढले होते, घराघरातनं पुरणाचा वास येत होता. आमच्याकडं पुरण नव्हतं, पण सण मोडू नये म्हणून आईनं गुळाचं पाणी आणि चपाती केली होती. मी ओट्यावर बसून तांदूळ निवडायचं सोंग करत होते. रस्त्याच्या वळणावर एक घोडी दिसली, मागं बाई. लांबूनच चाल ओळखली, कोयत्यामुळं ती एका अंगाला किंचित कलून चालायची. आबा उठून उभे राहिले. हौसा आत्या अंगणात आली. घोडीच्या पाठीवर, गोधड्यांच्या ढिगावर दोन कोकरं माना बाहेर काढून बसलेली, दोन्ही माद्या, दोघींच्या पोटाला पांढरा पट्टा. आणि मागं दोरीला बांधलेली, भरल्या अंगाची, लोकर नुकती कातरलेली, बांडी.

आबांनी आढ्याकडं बघितलं, जिथं वाघर टांगलेली होती. मग ते आत गेले आणि ती खाली काढायला लागले. काढता काढता इतके रडत होते, की आवाज बाहेर येत होता. कारखान्यावर ते कधी गेले नाहीत. आज माझ्या चुलतभावांच्या तीन वाड्यांत पांढऱ्या पट्ट्याची मेंढरं आहेत, आणि तनुजाच्या पाटीत ती कुठल्या रकान्यात बसतात ते तिला अजून सापडलेलं नाही.

आई पाण्याचा तांब्या घेऊन आली. आत्यानं चूळ भरली, तोंड पुसलं, आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. मी तिच्या पायांवर पडायला वाकले, तर तिनं दंडाला धरून मला उभं केलं, ओढत बांडीपाशी नेलं, बांडीचा उजवा कान माझ्या मुठीत कोंबला आणि म्हणाली:

“कान मागितला व्हतास न्हवं गं? ह्यो घे कान. त्येच्या खाली मेंढी बी हाय.”